काळी एक, पांढरी पाच

ठमी धवलारीण मांडवात पाटावर बसली तेव्हाच तिचं डोकं तापलेलं होतं. पेणजवळच्या त्या गावात हळदीचे धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, चाळीस वर्षं तीच म्हणत आली. नुसत्या गळ्यावर. आणि आज नवरदेव अल्पेशने, व्हिडिओ झकास यावा म्हणून, तिच्या शेजारी लग्नात वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचा कीबोर्ड आणून मांडला होता. धवल्याला कधी वाजप लागलं होतं?

कीबोर्डवाला विनेश संगीताच्या तीन परीक्षा दिलेला, आणि तेही माइकवरून दोनदा सांगून झालेलं. ठमीने धवला उचलला, याने आपल्या मर्जीने साथ धरली. जुळतंय कुठलं! ती एकीकडे, यंत्र दुसरीकडे. विनेशने बोटं उचलली आणि माइक तोंडाशी नेला.

"मावशी, तुम्ही बेसूर गाताय."

ठमीच्या अंगाची लाही लाही झाली. गेल्या वर्षभरात दोन घरांनी तिला टाळून पेनड्राइव्हवर धवले लावले होते. पुढच्या आठवड्यात रचनाची हळद होती आणि रचनाची आई कमळ, अल्पेशची चुलती, समोरच बसली होती. बेसूर हा शब्द एकदा गावात फिरला की धवलारीण संपली. गळा शाबूत असताना घरात तोंड मिटून बसायचं? मेले तरी बसणार न्हाय, ठमीने मनात म्हटलं.

"बेसूर म्हंजे काय रं?" तिने विचारलं.

"सूर सोडून गाणं. हा बघा सूर." त्याने एक काळी पट्टी दाबून धरली.

"ह्यो तुजा. माजा कोन बघनार?"

"सूर सगळ्यांना एकच असतो, मावशी. तुमचा-माझा नसतो."

"असतो," मागून ढोलकीवाला सदा बोलला. पार्टीतला सगळ्यात जुना माणूस. "तू काळी एकवर, पहिल्या काळ्या पट्टीवर, सा धरून बसलायस, ठमाबाई पांढरी पाचवर. ज्याच्या गळ्याला जिथं झेपेल तिथं त्याचा सा, ती त्याची पट्टी. बाई आपल्या सापासून तसूभर ढळली नाय. पट्टी वेगळी म्हणजे बेसूर नव्हं. तीन परीक्षांत एवढं शिकवलं नाय?"

विनेश लालबुंद झाला. "शेवटी एकच झालं ना? जुळत नाही ते नाही," तो गुरगुरला. पण सदा हटेना, तेव्हा त्याने बटणं दाबून कीबोर्ड पांढरी पाचवर नेला. ठमी गायली. आता धवला आणि यंत्र हातात हात घालून चालले. ठमीला वाटलं, झालं, मिटलं.

कुठलं मिटतंय! कमळ शेजारणीला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "पट्टी काय नि सूर काय, बेसूर ती बेसूरच. यंत्राला सुद्धा हिच्यासाठी वाकायला लागलं."

ठमीला कमळच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण ती विनेशकडे वळली. "आता तू गा. ह्याच पट्टीत. मी गायले तसाच, तितक्याच वर."

"मी वाजवतो, गात नाही."

"चांगल्या गळ्यानं तर बोलतोस माइकवर. गा."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा त्याच्यावर रोखला. नाही कसं म्हणणार? विनेश गायला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसरीत सूर वर गेला आणि त्याचा आवाज चिरकला, माइकमधून मांडवभर. पोरं खिदळली, बायका हसून लोळल्या.

"अगं बाई, बेसूर तर हाच निघाला!" कमळ म्हणाली.

सगळे ठमीकडे बघू लागले. तिच्या जिभेवर शब्द अगदी टपून बसला होता. हो म्हणावं, माइकवर म्हणावं, गावभर फिरू दे या शहाण्याचं नाव. पण त्याला बेसूर म्हटलं की 'पट्टी काय नि सूर काय' हे कमळचं खरं ठरत होतं, नि पाठोपाठ ती स्वतःही बेसूर ठरत होती. तिने राग गिळला.

"हसू नका," ती म्हणाली. "पोरगा बेसूर न्हाय. पट्टी माजी हाय, त्याच्या गळ्याला झेपली न्हाय, एवढंच. कळला फरक, कमळे?"

कमळने मान खाली घातली. विनेश मात्र डोळे फाडून ठमीकडे बघतच राहिला.

"बघतोस काय?" ठमी म्हणाली. "यंत्र बंद कर नि बाजूला हो. मला गायचंय."