सिस्टरच्या गाडीचं तेल

मामाच्या गॅरेजमध्ये तेलावरून वाद झाला की तो एकाच वाक्यात मिटायचा. "साधं तेल घाला, वेळेवर बदला, गाडी म्हातारी होईल पण आजारी पडणार नाही." तीस वर्षं हे वाक्य तो गिऱ्हाइकांना ऐकवत होता, आणि गाड्याही त्याचं ऐकत होत्या. भाची रसायनशास्त्र शिकून वंगण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, तेव्हापासून मात्र हा वाद काही मिटेना.

"अरे मामा, सिंथेटिक तेलाचे रेणू एकसारखे असतात. गरम झालं तरी लवकर पातळ होत नाही, गारठ्यात घट्ट होत नाही, जास्त दिवस टिकतं."

"टिकतं ना? मग तुझं लग्न होईपर्यंत एकच डबा पुरेल."

या थट्टेतून काही निघालं नसतं. पण एका शनिवारी सिस्टरने गॅरेजच्या दारात गाडी लावली आणि दोघांना एकदमच विचारलं. सिस्टर म्हणजे समोरच्या दवाखान्यातली थोरली परिचारिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंग करायची, त्यामुळे दिवसातून दहा वेळा गाडी सुरू करायची आणि दहा वेळा बंद. तिची बदली डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात झाली होती. तीन महिन्यांनी निघायचं, वर्षभर तिथेच राहायचं. तिथे एक पेट्रोल पंप होता, गॅरेज नव्हतं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "ते महागातलं तेल घातलं तर वर्षभर बोनेट उघडायला नको, हे खरं का? रस्त्यात गाडी बसली तर माझं एक वेळ ठीक आहे, पण पेशंट मागच्या सीटवर असेल."

मामाने तोंड उघडलं, पण भाची आधी बोलली. "तीन महिने आहेत ना? आपण बघूनच ठरवू."

ठरलं ते असं. तेल आणि फिल्टर बदलून सिस्टरच्या गाडीत सिंथेटिक भरायचं. महिन्यातून एकदा भाचीने इंजिनातून थोडं तेल काढून प्रयोगशाळेत तपासायचं. मामाने तेल बदलायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. मामाने मान डोलावली आणि सिंथेटिकचा उरलेला डबा फळीवर मागे सरकवून ठेवला, पाहुण्याची बॅग ठेवावी तसा.

भाची महिन्यातल्या एका शनिवारी, सिस्टरची दवाखान्यातली आठवड्याची बैठक संपता संपता यायची. इंजिन जरा चालवून गरम करायची, बारीक नळी घालून नमुना काढायची, तेलाची पट्टी ओढून पुसायची, पुन्हा घालून बघायची. तेल प्रत्येक वेळी बरोबर वरच्या खुणेला. वहीत ती लिहायची: तेलाचा खर्च शून्य. बारा वर्षांच्या गाडीला ही कौतुकाचीच गोष्ट होती. इंजिनाची झीज दाखवणारं लोखंडही नमुन्यात कमी होतं. दुसऱ्या महिन्यात तिने सिस्टरला सांगूनही टाकलं, "बहुतेक वर्षभर बघावं लागणार नाही." सिस्टर त्या दिवशी हसतच घरी गेली.

तिसऱ्या नमुन्याचा कागद हातात आला तो शुक्रवारी दुपारी. सिस्टर रविवारी निघणार होती. भाचीने आकडे वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले. प्रत्येक कंपनी तेलात थोडे धातूंचे क्षार मिसळते, आणि कुणाचं प्रमाण कुणासारखं नसतं. या नमुन्यातलं प्रमाण सिंथेटिकच्या डब्याशी जुळत नव्हतं. तिने गणित मांडलं, तेव्हा निघालं की तेलाच्या शंभर भागांतले तीस भाग दुसऱ्याच तेलाचे आहेत. आधीचे दोन कागद काढून पाहिले. तिथेही तेच होतं, फक्त कमी. तिने तेव्हा लोखंडाचा आकडा पाहिला होता आणि बाकीची ओळ खुशीत सोडून दिली होती.

ती तडक गॅरेजवर गेली. मामा गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते.

"मामा, सिस्टरच्या गाडीचं तेल बदललंस?"

"तुला शब्द दिलाय ना?" पाय म्हणाले. "हात लावला नाही."

"मग त्यात साधं तेल कुठून आलं?"

थोडा वेळ पाना फिरल्याचा आवाज येत राहिला. "ते होय? ते मी वर घातलं."

"वर घातलं म्हणजे?"

मामा सरपटत बाहेर आला. "दर शनिवारी ती इथे गाडी लावते, किल्ली ठेवून बैठकीला जाते. दारात उभी असलेली गाडी मी तेल न बघता सोडतो का कधी? पट्टीवर कमी दिसलं, की खुणेपर्यंत घालतो. सगळ्यांनाच घालतो. यात सांगण्यासारखं काय आहे?"

"आणि सिंथेटिक का नाही घातलंस?"

"तो डबा तुझा होता गं. तुझ्या प्रयोगाचा. त्याला कसा हात लावू?"

भाचीला हसावं की डोकं धरावं कळेना. "किती घालायचास?"

"थोडंसंच. सव्वाशे मिली असेल."

बारा आठवडे, दर आठवड्याला सव्वाशे. दीड लिटर. म्हणजे गाडी तेल पीत होती, चांगलीच पीत होती, आणि वहीत खर्च शून्य लिहिला होता. इंजिनात तेल मावतं चार लिटर. डोंगरात वर्षभर बोनेट न उघडता गाडी चालली असती, तर आठव्या महिन्यात सगळं संपलं असतं, आणि इंजिन त्याच्या कितीतरी आधी जाम झालं असतं. बहुधा घाटात. मागच्या सीटवर कोणीतरी असताना.

तिने हे हळूहळू सांगितलं. मामाने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"पण साधं तेल चांगलं म्हणून मी सांगतो ते..." तो म्हणाला. "माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या चालल्याच ना इतकी वर्षं?"

"चालल्या. पण तेलामुळे चालल्या की तू गुपचूप घालत होतास म्हणून, ते आता कसं कळणार?"

मामाने आत जाऊन दोन कप चहा आणला, आणि दोघं टायरच्या ढिगावर बसून तो प्यायली.

शनिवारी सिस्टर आली. आपलं आधीचं सांगणं चुकलं, हे भाचीने पहिल्याच वाक्यात सांगितलं, मग बाकीचं. सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी गाडी चोरून पीत होती, आणि मामा चोरून पाजत होते."

"मी चोरून नाही हो," मामा म्हणाला. "तुम्ही बैठकीला असायच्या."

"बरं, मग ते महाग तेल वाईट?"

"वाईट नाही," भाची म्हणाली. "नवी गाडी असेल, लांब पल्ल्याची असेल, किंवा कंपनीनेच तेच घालायला सांगितलं असेल, तर मी डोळे मिटून तेच घालीन. पण तुमच्या गाडीत ते टिकण्याआधी संपतंय. तुम्हाला दर आठवड्याला वरून घालावं लागणार, आणि तुमच्या पंपावर मिळतं ते साधं. तेच भरा. आणि तीन महिन्यांनी पूर्ण बदला, गाडी कितीही कमी चालली तरी. तुमच्या फेऱ्या एवढ्या छोट्या असतात की इंजिन नीट तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल तेलातच राहतं."

"बोनेट उघडायलाच लागणार म्हणायचं."

"हो. दर शनिवारी."

मामा पिस्टनच्या झिजलेल्या, तेल वर जाऊ देणाऱ्या रिंग बदलायचं म्हणत होता, पण त्यासाठी इंजिन उतरवावं लागलं असतं आणि हातात एकच दिवस होता. ते काम सिस्टर सुट्टीवर येईल तोवर लांबलं. त्याने तेल काढलं, साधं भरलं, आणि पट्टी सिस्टरच्या हातात दिली. तिने इस्त्रीचा रुमाल काढला, तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच आणि चिंधी पुढे केली. तिने पट्टी पुसली, घातली, काढली, उजेडात धरली. इंजेक्शनची सिरिंज धरावी तशी. दुसऱ्यांदा मामाला सांगावं लागलं नाही.

डिकीत तेलाचे दोन डबे ठेवून ती स्टिअरिंगवर बसली.

"आणि तुझी तपासणी गं? वायाच गेली की."

"पहिल्यापासून करावी लागेल. तुम्ही फक्त दर वेळी किती घातलं ते लिहून मला कळवा."

"कळवते. पण तिथे मामा नाहीत."

"म्हणून तर आकडे खरे येतील," भाची म्हणाली.

मामाने तिच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. मग खिडकीशी वाकून त्याने सिस्टरला अगदी हळू आवाजात सांगितलं, "खुणेच्या वर मात्र घालू नका हं. जास्तही चालत नाही."