सुकडी खाल्लेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याच्या हातातला तराजू नव्हे, गैरसमज नको! उभ्या माणसाला तोलणारा, लोखंडी पायाचा, पितळी पट्टीचा, सरकारी दवाखान्यातला काटा. दवाखाना नगर जिल्ह्यातला. कोणता ते मात्र विचारू नका, मी अजून सरकारी मालमत्तेच्या यादीत आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. रेल्वेने नगरला आणि तिथून बैलगाडीने इथे आलो, तेव्हा माझी पट्टी अशी लखलखत होती की नर्सबाई जाता-येता तिच्यात आपला चेहरा बघून घेत. कंपौंडर दानीएल दर शनिवारी मला तेल घाली. पोरं, बाळंतिणी, पैलवान, सगळे माझ्यावर उभे राहिले. मी कुणाची भीड ठेवली नाही. एका फौजदारसाहेबांचं खरं वजन मी त्यांच्या बायकोसमोर दाखवलं, तेव्हापासून ते एकटेच येऊ लागले.

पण मला खरा मान होता तो पेन्शनवाल्यांत. त्याचं असं आहे. सरकारी नोकर नोकरीत असतो तोवर त्याच्या खोकल्याच्या औषधाचा खर्चही सरकार देतं. निवृत्त झाला की दुसऱ्या दिवसापासून खोकला त्याचा एकट्याचा! मग दुखण्याचा मोठा खर्च निघाला, की तो आपल्या पेन्शनीचा एक तुकडा सरकारलाच कायमचा विकतो आणि एकरकमी पैसे घेतो. सरकारही काही खुळं नाही. पैसे घेऊन गडी महिन्याभरात वर गेला तर? म्हणून आधी डॉक्टर त्याला तपासतात. थोडक्यात काय, उपचाराला पैसे हवे असतील तर आधी ठणठणीत असल्याचं दाखवायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पोराबाळांना वाटायला सुकडीची पोती दवाखान्यात येऊ लागली. भाजलेलं पीठ आणि गूळ. पोती मोजायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आणून आदळली माझ्या उरावर. दानीएलला मान वर करायला सवड उरली नाही आणि माझं शनिवारचं तेल बंद झालं. सांडलेली सुकडी माझ्या पाटाखाली गेली, उन्हाने गूळ पाघळला, पुन्हा थिजला आणि त्याचा दगड झाला. पाट पुरता दबेना. मी माणसं हलकी दाखवू लागलो. मला कळत होतं हो, पण सांगणार कुणाला? त्यात दुष्काळाने सगळेच वाळलेले, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

त्या उन्हाळ्यात पुंजाराम आला. पारनेरकडचा, तेहतीस वर्षे कचेरीत शिपाई राहून निवृत्त झालेला. तोंडात औषधालाही दात नव्हता. रेशनवर मिळे ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, आणि तिची भाकरी म्हणजे पाट्याचा दगड. ती चावता येईना म्हणून वजन घटलेलं. वजन वाढवायला दात हवेत, दातांच्या कवळीला पैसे हवेत आणि पैशांना वजन हवं! पहिल्या खेपेला मी त्याला एक्केचाळीस किलो दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "पंचेचाळीस तरी हवं. पंधरा दिवसांनी शेवटचं बघतो. नाहीतर अर्ज नामंजूर."

पंधरा दिवसांनी तो आला तो बायकोला, मनकर्णाबाईंना घेऊन. त्यांच्या कडेवर पाण्याची कळशी होती.

"अवं, प्या आजून," तोंडाला पदर लावून बाई म्हणाल्या. "पानी न्हाई, वजन हाय त्ये."

"आगं, डोळ्यातनं यायला लागलं आता!"

"दम धरा. डाक्टर वजन बघून गेलं की मग रडा."

पाच तांबे पोटात गेल्यावर दानीएलने त्याला माझ्यावर चढवून पाहिलं. एक्केचाळीस! तिकडे डॉक्टर नऊचे अकरा झाले तरी येईनात. पुंजाराम कासावीस झाला, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला आणि शेवटी धोतर सावरत दवाखान्यामागे पळाला. परतला तो रडवेला होऊन.

"गेलं समदं! माझं दात गेलं बाभळीच्या बुडाला!"

किती घटलं ते पाहायला दानीएलने त्याला पुन्हा उभं केलं. काटा एक्केचाळिसावरच.

"दुष्काळच आहे बाबा, चालायचंच," दानीएल म्हणाला.

"दुस्काळ मला पडलाय, पान्याच्या वजनाला न्हाई!" पुंजाराम एकदम ताठ झाला. "पाच तांबं आत हुतं तवा येक्केचाळीस, आन भाईर गेलं तरी येक्केचाळीस? कंपौंडरसाहेब, म्या तेहतीस वर्सं कचेरीत काढल्यात. जे हालत न्हाई ते कुठंतरी अडलेलं आसतंय. खाली वाका."

दोघे गुडघ्यावर बसले. पाट उचलला आणि माझी अब्रू उघडी पडली. सुकडीची ढेकळं निघाली, त्यांच्यामागून मुंग्यांची अख्खी पलटण बाहेर आली. डॉक्टर आले तेव्हा त्यांचा कंपौंडर आणि एक पेन्शनर माझ्या पोटात हात घालून बसले होते. ते आधी ओरडले, मग स्वतःही खाली वाकले. तेलपाणी झाल्यावर पुंजाराम रिकाम्या पोटी माझ्यावर उभा राहिला. शेहेचाळीस!

डॉक्टर भले. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. दिवाळीपासून माझ्यामुळे अकरा जणांचे अर्ज नामंजूर झाले होते. अकरा पत्रं गेली. दहा जण आले. भिमाजी तलाठी आले नाहीत. दम्याच्या औषधासाठी त्यांना पैसे हवे होते, आणि ते चैत्रातच गेले होते. मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, तरी त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

दोन महिन्यांनी पुंजाराम आणि मनकर्णाबाई मुद्दाम भेटायला आले. दानीएल म्हणाला, "बाबा, हसून दाखवा की!"

पुंजाराम हसला. तोंडाचं अजून बोळकंच. आणि त्याच्यामागे मनकर्णाबाई लाजत हसल्या, तर बत्तीसच्या बत्तीस दात! बाईंनाही दात नव्हते, पण ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं.

"पेन्शन जास्ती इकली तर खायाचं काय?" पुंजाराम म्हणाला. "थोडकी इकली, येकाच कवळीपुरती. मला ती भाकर कुस्करून देती. तिला कोन देनार?"

दानीएलने चष्मा काढून पुसला. माझी पट्टी मात्र जराशी हलली, वारा असेल.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला वेळच्या वेळी तेल द्या, माझ्यावर पोती आदळू नका. आणि एखादा माणूस हलका भरला, तर त्याला परत पाठवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. वाकायला काही खर्च येत नाही.