डोंगरावर शिट्टी एकच

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्यापाशी पाणी नाही. माझ्या पोटात बुचाची एक छोटी गोळी आहे, तेवढीच.

बंदराजवळ भांडी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. फुटक्या बोटीच्या दिव्याचं पितळ त्याने कापलं, वाकवलं, डाख लावून जोडलं आणि पहिली फुंकर स्वतःच मारली. समोरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. म्हातारा खूश झाला. डोंगरावर पाहुण्यांना घेऊन जायचं काम नुकतंच सुरू केलेल्या एका मुलीच्या गळ्यात त्याने मला घातलं.

“घे पोरी. ही वाजली की समुद्रालासुद्धा वळून बघावं लागेल.”

ती मुलगी म्हणजे आमची वाटाडी. आधी पाहुणे तिला ‘ताई’ म्हणत, केस पिकल्यावर ‘मावशी’ म्हणू लागले. ती मात्र पहिल्यापासून सगळ्यांवर आईसारखीच ओरडायची.

आमचा डोंगर समुद्रातून उठून सरळ वर गेलेला आहे. अर्ध्या वाटेवर एक पडकं गाव लागतं. भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्यात, पण चुली जागच्या जागी आहेत. तिथे ती म्हणायची, “चपला बाहेर काढा. कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे हे.” लोक हसत हसत चपला काढायचे आणि आत पाऊल टाकलं की आपोआप हळू बोलायला लागायचे. त्याच्याही वर, डोंगराच्या खांद्यावर, माणसापेक्षा उंच दगडांचं रिंगण आहे. पाच हजार वर्षं ते दगड उभे आहेत, काही थोडे कलले आहेत.

“हे कोणी उभे केले हो?” हा प्रश्न ठरलेला.

“मला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ते सांगायला थांबले नाहीत.” हे उत्तरही ठरलेलं.

एखादा खिशातून चाकू काढून दगडावर नाव कोरायला लागला, की ती मला फुंकायची, थेट त्याच्या कानाशी. “हौस असेल तर घराच्या दारावर कोरा दादा, पत्रं तरी येतील!”

रिंगणापासून हाकेच्या अंतरावर कडा आहे. त्या जुन्या जागेत खणायची परवानगी नाही, म्हणून कड्याला कुंपण नाही. आणि समुद्रावरून धुकं येतं तेव्हा ते विचारून येत नाही. म्हणून तिने एक रीत पाडली होती. वर पोचल्यावर ती सगळ्यांकडून घोकून घ्यायची. एक लांब शिट्टी म्हणजे जवळच्या दगडाला हात लावून जागच्या जागी थांबा. दोन छोट्या म्हणजे आवाजाकडे या. धुक्यात ती एक लांब शिट्टी द्यायची, मग एकेका दगडापाशी जाऊन एकेकाला हाताने धरून आणायची. सगळे जमले की दोन छोट्या, आणि उतरायला सुरुवात. या रीतीला एकच अट होती: डोंगरावर शिट्टी एकच.

इतकी वर्षं ती माझ्या जोरावर माणसं वर नेत होती आणि जेवढी नेली तेवढी खाली आणत होती. लोक मला हातात घेऊन बघायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

मग पायथ्याशी पर्यटन कार्यालय झालं. गारेगार खोली, चकचकीत काउंटर आणि त्यामागे एक साहेब. साहेबांना मी आवडले. इतकी आवडले की त्यांनी हुबेहूब माझ्यासारख्या वाजणाऱ्या शिट्ट्या करून घेतल्या, केशरी प्लास्टिकच्या. प्रत्येक तिकिटाबरोबर एक, आठवण म्हणून. काउंटरवर टोपली भरून ठेवली.

तिने टोपली पाहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. “साहेब, डोंगरावर शिट्टी एकच हवी.”

“अहो मावशी, उलट सुरक्षितता वाढेल! प्रत्येकाकडे शिट्टी, कोणी हरवणारच नाही.”

“सगळेच बोलायला लागले तर ऐकायचं कोणाचं?”

“तुमची शिट्टी ओरिजिनल आहे, तिला कोण विसरेल?” असं म्हणून ते हसले. हसून उत्तर दिलं की प्रश्न संपतो, असं काही माणसांना वाटतं. ती पुन्हा सांगायला गेली. त्यानंतरही गेली. शेवटी साहेबांनी तिला खुर्ची द्यायचंही सोडलं.

आणि मग तो दिवस आला. रिंगणात माणसं पांगली होती, फोटो काढत होती. बघता बघता समुद्र दिसेनासा झाला, मग दगड, मग शेजारचा माणूस. तिने मला ओठांत धरलं आणि एक लांब शिट्टी दिली. क्षणभर सगळं थांबलं.

मग चारी बाजूंनी माझा आवाज यायला लागला. कोणी गंमत म्हणून फुंकत होतं, कोणी भीतीने. कड्याच्या बाजूला एक गृहस्थ बायकोला शोधत होते. त्यांनी दोन छोट्या शिट्ट्या दिल्या, पुन्हा दिल्या, देतच राहिले. दोन छोट्या म्हणजे या. शिकवलेलं लोकांच्या नीट लक्षात होतं. ते दगडांवरचे हात काढून कड्याकडे चालू लागले.

तिला कळलं. ती धावली. कड्यावर समुद्राकडे पाठ करून तिने हात पसरले आणि धुक्यातून येईल त्याला मागे ढकलायला लागली. “मागे व्हा! काका, मागे! अहो बाई, मी ओरडतेय ना!” सगळ्यात शेवटी तिने ढकललं ते त्या गृहस्थांना. केशरी शिट्टी अजून त्यांच्या तोंडातच होती. तिच्या टाचेखालचा दगड हलला.

मी तिच्या गळ्यातच होते.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. केशरी शिट्टी हातात देताना त्यांना कोणी काही समजावलंच नव्हतं. माझा राग ज्यांना तीन-तीनदा समजावलं होतं त्यांच्यावर आहे.

तिच्या कपड्यांच्या पिशवीतून मी तिच्या मुलीकडे आले. मुलगी चष्म्याचं दुकान चालवते. तिने मला घासलं नाही, पुसलं नाही. हत्यारांच्या खणात, बारीक स्क्रूंच्या डबीशेजारी ठेवलं. माझ्या कुशीला खोल पोचा आला होता. काही दिवसांनी साहेब दुकानात आले.

“ताई, आईंची शिट्टी आम्हाला द्या. काचेची पेटी करून घेतलीय. आत दिवा, खाली पाटी.”

ती कोणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होती. तिने मान वर केली नाही. “पाटीवर काय लिहिलंय?”

“हेच की, सेवा बजावत असताना, दाट धुक्यामुळे...”

“धुक्यामुळे.”

“मग काय लिहायचं?”

“डोंगरावर शिट्टी एकच, असं लिहा. काउंटरवरची टोपली उचला. मग लगेच घेऊन जा.”

“अहो, मुलांना किती आवडतात त्या! आणि तो निर्णय माझा एकट्याचा नाही, वरून आलाय.”

“माझी आईही वरूनच आली, साहेब.” तिने स्क्रू शेवटपर्यंत आवळला. साहेब चष्मे बघत बघत बाहेर पडले.

पुढच्या सुट्टीला तिने मला गळ्यात घातलं आणि डोंगर चढली. पडक्या घरात चपला काढून थोडा वेळ बसली. वर रिंगणात शाळेची सहल आली होती. प्रत्येक पोराच्या गळ्यात केशरी दोरी होती. ती त्यांच्या बाईंशी बोलायला निघाली, एवढ्यात समुद्र दिसेनासा झाला आणि पोरांनी शिट्ट्या फुंकायला सुरुवात केली.

तिने मला फुंकलं. मित्रांनो, पोचा आल्यापासून मी वाजलेच नव्हते. जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. घोगरा, फाटका, घशात काहीतरी अडकलेल्या माणसासारखा. पण तसा आवाज त्या डोंगरावर दुसऱ्या कोणाचाच नव्हता. एकेक केशरी शिट्टी गप्प झाली.

“दगडाला हात लावा आणि हलू नका,” ती ओरडली. अगदी आईसारखी. मग दगडादगडापाशी जाऊन तिने एकेकाला हाताला धरून आणलं. एका चिमुरडीने विचारलं, “मावशी, तुमची शिट्टी बिघडलीय का?”

“हो. म्हणून तर तुला ऐकू आली.”

तेव्हापासून दर सुट्टीला आम्ही वर जातो. वाटेतच ती पाहुण्यांकडून केशरी शिट्ट्या मागून घेते आणि उतरताना कार्यालयाच्या काउंटरवर ओतते. साहेब म्हणतात, “दिलेली वस्तू परत घेत नाही आम्ही.” ती म्हणते, “मलाही नाही मिळाली परत.” टोपली अजून तिथेच आहे. काचेची पेटी रिकामी आहे, तरी आतला दिवा रोज लावतात म्हणे.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. मला त्या पेटीतही जायचं नाही. तुम्ही डोंगरावर जाल तेव्हा तुमच्या हातातही कोणीतरी केशरी शिट्टी ठेवील. ती खिशात ठेवा. आणि धुकं आलंच, तर दगडाला हात लावून गप्प उभे राहा. तुमच्यासाठी कोणीतरी निघालेलं असतं. तिला तुमच्यापर्यंत पोचू द्या.