विटाळाची वांगी

"अगं, त्या दिवशी तू सरीत उतरलीस का न्हाय, तेवढं सांग!"

चिमणाबाईचा आवाज बांध ओलांडून सयाजीच्या कानावर आला. तीन आठवडं हेच चाललं होतं. वारणेवरचं धुकं अजून हललं नव्हतं. आवाज येत होता, माणसं दिसत नव्हती. सयाजी उसाला पाणी पाजत होता. त्यानं खोरं मातीत रोवलं आणि तसाच वाकून उभा राहिला.

"उतरलते की," सून अनुजा म्हणाली. "तुमीच म्हनलासा, शेंडं किडल्यात का बगून ये."

"आनि चवथा दिवस झालता का तुजा?"

अनुजाच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

"बगा! आता वाचा बसली. दहा गुंठं वांगी डोळ्यांदेखत पिळवटली. तुज्या पायानं!"

"आत्ती, पायानं कुटं झाड मरतंय व्हय?"

"मग कशानं मेलं? तूच सांग, शिकलेली हाईस नव्हं? येऊ दे रविवारी राजवीरला. म्हनावं, हिला शाहूवाडीला तिच्या आईकडं सोड, आनि मी सांगंस्तवर आनू नगं."

सयाजीनं खोरं उपसलं. पाणी भरलेल्या सरीतच पुन्हा जात होतं, तिकडं त्याचं ध्यान नव्हतं.

झाडं कशानं मेली हे गावात एकट्या सयाजीला ठाऊक होतं. चिमणाबाई विधवा बाई. पोरगा राजवीर कोल्हापुरात फौंड्रीत कामाला, आठवड्यानं एकदा यायचा. वांग्यावर अळी पडली की ती बांधावरनं हाक मारायची आणि सयाजी पाठीला पंप लावून जायचा. तसाच तो दिवाळीनंतर गेला होता. आदल्या दिवशी त्यानं त्याच पंपानं उसात तणनाशक मारलं होतं. पंप साबणाच्या पाण्यानं तीन वेळा धुवायचा असतो. सयाजीनं एकदा विसळला. पूर्णिमा, त्याची बायको, म्हणाली होती, "अवं, साबण देऊ का?" तर तो म्हणाला, "तीस वर्सं फवारतोय. मला शिकवू नगं." उसाला त्या औषधाचं काही होत नाही, पण वांग्याला तळाशी राहिलेला घोटभरही पुरतो. आठ दिवसांत पानं चिंचोळी झाली, देठ पिळवटले, शेंडे खाली वळले.

पानं वळलेली दिसली त्याच दिवशी सयाजीनं ओळखलं. सांगणारच होता. पण तोवर चिमणाबाईनं अनुजाचं नाव घेतलं आणि त्याच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

मग तो भरपाई करत सुटला. आपल्या पाळीचं पाणी त्यानं तिच्या वांग्यात सोडलं. गूळ-ताकाची फवारणी केली, तीही नवा पंप आणून. झाडं सुधारली नाहीत, तेव्हा वांग्याची दोनशे नवी रोपं ट्रेसह तिच्या दारात नेऊन ठेवली. चिमणाबाईनं पदर डोळ्याला लावला. "सख्खा भाऊ करनार न्हाय असं केलास सयाजी. देवमानूस हाईस." मागं दारात अनुजा उभी होती. तिला स्वयंपाकाच्या खोलीत यायची बंदी होती. सयाजीनं तिच्याकडं बघितलं नाही.

त्या दिवसापासनं त्याला घास गिळवेना. भाकरीचा तुकडा घशात अडकायचा. तालुक्याला डॉक्टरला दाखवलं. घशात काही नाही, म्हणाले.

सयाजीच्या आज्यानं मिशनच्या दवाखान्यात बरं होऊन बाप्तिस्मा घेतला होता. तेव्हापासनं घर ख्रिस्ती. पूर्णिमा दर रविवारी ख्रिस्तमंदिरात जायची. सयाजी नाताळाला जायचा. बाकी दिवशी म्हणायचा, "देवाला कशाला तरास? आपला हात जगन्नाथ." पूर्णिमा म्हणायची, "ख्रिस्ती मानसाच्या तोंडी जगन्नाथ!" आणि हसायची.

राजवीर येणार होता तो रविवार हंगामाच्या सणाचा निघाला. रानातलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवायचा दिवस. कुणी भोपळा आणला होता, कुणी भुईमुगाच्या शेंगा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. सयाजी पाटीभर मका घेऊन रांगेत उभा राहिला. या खेपेला तो आपणहून आला होता. पूर्णिमाला नवल वाटलं, पण तिनं विचारलं नाही.

मंदिराचे धर्मगुरू, पाळकसाहेब, बोलत होते. कुणाचं मन मोडून आला असाल तर पाटी इथंच राहू द्या, आधी त्या माणसाकडं जाऊन या, देव थांबेल. दर सणाला ते हेच सांगायचे. माणसं ऐकायची आणि पुढं सरकायची. सयाजीचे पाय सरकेनात. मागचा म्हातारा पुटपुटला, "हाल की गा." सयाजीनं पाटी भिंतीला टेकवली आणि बाहेर पडला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब त्याला शोधत आले. सयाजी चिंचेखाली बसला होता. त्यानं सगळं सांगितलं, मान खाली घालून.

"मी भरून देतो साहेब. दुप्पट देतो. माजा ऊस गेला की तिच्या रानात राबतो. पर तोंडानं सांगाय लावू नका."

"किती दिवस भरून देतोयस?"

"तीन आठवडं."

"घास उतरतो का?"

सयाजीनं मुंडी हलवली, न्हाय म्हणून.

"राबणं तुझ्या हातात आहे. बरं होणं नाही," पाळकसाहेब म्हणाले. "ते मागावं लागतं. तुला मागायची सवय नाही, एवढंच दुखणं आहे."

"कसं मागायचं?"

"मला काय विचारतोस? तो ऐकतोय."

सयाजी गुडघ्यावर आला. प्रार्थनेचे शब्द त्याला लहानपणी पाठ होते, त्यातला एकही आठवेना. "म्या केलं," तो म्हणाला. "पोरीवर आळ घेतला जातोय, आनि म्या बगत बसलो. माज्यानं आता निभत न्हाय. तू बग." एवढंच. उठताना गुडघ्याची माती त्यानं झाडली नाही.

तो चिमणाबाईच्या दारात पोचला तेव्हा राजवीर मोटारसायकलला अनुजाची पिशवी बांधत होता.

"चिमणाक्का, तिला धाडू नगस. वांगी म्या मारली. पंप नीट धुतला न्हवता म्या, तणनाशक राहिलतं त्यात."

चिमणाबाईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिनं दारातली केरसुणी उचलून त्याच्या अंगावर फेकली. "मुडद्या! तीन आठवडं माज्या दारात येऊन माज्याच सुनंला शिव्या ऐकीवल्यास? आनि मी तुला देवमानूस म्हनतीय!"

राजवीरनं पिशवी सोडली. तो आईकडं बघत राहिला, मग बायकोकडं.

अनुजा पायरीवर होती. सयाजी तिच्यापुढं गेला. हात जोडले. "पोरी, माफ कर मला."

"हितं घरात सांगून काय उपेग?" अनुजा म्हणाली. "डेअरीत दूध घालाय गेले की बायका बाजूला सरत्यात. तितं सांगा."

त्या संध्याकाळी सयाजीनं डेअरीत सांगितलं. वीस-पंचवीस माणसं होती, अनुजाही रांगेत होती. दूध मापणारा पिराजी म्हणाला, "का वो, पाळकानं जुलाब दिला काय?" दोघं-चौघं हसले. बायका हसल्या नाहीत. त्यातली एक आपली किटली उचलून अनुजाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सयाजीनं पुन्हा अनुजापुढं हात जोडले.

"तुमच्या देवानं केलं असंल माफ," ती म्हणाली. "मी अजून न्हाय. मला येळ लागंल मामा." आणि पुढं सरकली.

घरी पूर्णिमानं ताट वाढलं. सगळं तिच्या कानावर आलं होतं. ती समोर बसली.

"दिली का तिनं माफी?"

"न्हाय."

"मग आता वो?"

"उद्या परत जातो."

"काय न्यायचं संगं? रोपं काढून ठेवू?"

सयाजीनं भाकरीचा तुकडा मोडला. "काय नगं," तो म्हणाला. "मोकळ्या हातानंच जातो. मागायचंच हाय न्हवं."