टाकीचं पोट

जावा बेटावरच्या गेबांगसारीच्या मधल्या आळीत चूल पेटली, ही बातमी नदीच्या दोन्ही काठांना दुपारच्या आत कळली. चूल साधी नव्हतीच. आळीतल्या घराघरांची घाण नळातून वागियेमच्या अंगणाखालच्या टाकीत उतरायची आणि त्या टाकीच्या वायूवर ही चूल जळायची. ज्योत निळी, धूर नाही, वास नाही. बायका लेकरं कडेवर घेऊन बघायला यायच्या. बापे सिगारेट पेटवायचं निमित्त काढायचे आणि वागियेमची बोलणी खाऊन परत जायचे.

"तुमच्या पोटातनं आलेली आग आहे ती," ती सुनवायची. "एवढं कामाचं तुम्ही जन्मात दुसरं काही दिलं नाही."

वागियेम टेम्पे करून विकणारी; आळी तिला बू, म्हणजे आई म्हणायची. सोयाबीन शिजवायचं, निवलं की विरजण लावायचं, केळीच्या पानांत बांधून उबेला ठेवायचं. त्यावर तिनं विधवेपणी तीन लेकरं वाढवली. टाकीसाठी जागा हवी होती तेव्हा सगळी आळी जमिनीकडे बघत बसली होती. अंगण दिलं ते हिनं. लोकांनी वेड्यात काढलं. पण तिचा जीव अडकला होता खालच्या आळीत. तिथं, अगदी नदीला लागून, तिची धाकटी लेक लास्त्री राहायची. पाणी चढलं की काठावरच्या संडासांतलं सगळं लास्त्रीच्या स्वयंपाकघरात यायचं. तान्हं पोर जमिनीवर सोडायची सोय नव्हती, दोरीच्या झोळीत टांगून ठेवायची.

नगर कार्यालयातली राहायु नावाची पोरगी हे काम बघायची. मोटारसायकलवर यायची, केस सदा हेल्मेटला चिकटलेले. तिनं आळीच्या बैठकीत स्वच्छ सांगितलं होतं, "ईदेच्या अलीकडे टाकीतनं बाहेर पडणारं पाणी तपासायला नेणार. पास झालं तर खालच्या आळीला याच वर्षी असेच घाणीचे नळ. नापास झालं तर पैसा दुसऱ्या वस्तीला."

"पास होईल," वागियेम म्हणाली. "माझ्या अंगणातलं आहे ते."

तपासणीआधी मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं आणि आळीला जोर चढला. तिथं रविवारी सगळ्यांनी मिळून वस्तीचं काम करायची रीत आहे. मुखिया पाक गिमान लाकडी घंटा ठोकतो आणि घरटी माणूस बाहेर पडतो. जो पडत नाही त्याचं नाव आठवडाभर निघतं. त्या रविवारी घंटेची वाट कुणी पाहिली नाही. पहाटेच खराटे निघाले. भिंतींना चुना लागला, कुंड्या रंगल्या. वागियेम कमरेला सारोंग खोचून सगळ्यांच्या मोऱ्या तपासत फिरत होती.

"पाहुणे येणार आणि तुझी मोरी अशी? फिनेल ओत."

"बू, ओतलंय की."

"वास कुठाय? अजून ओत. संडासातही ओत."

घरोघर बाटल्या रिकाम्या झाल्या. वागियेमनं स्वतःच्या मोरीत दोन ओतल्या, वर ब्लीचिंगची पुडी. संध्याकाळी आळीला दवाखान्यासारखा वास सुटला आणि तिची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी ज्योत पिवळी पडली. मग फुरफुरली. मग काडीमागून काडी ओढूनही काही धरेना. दोन दिवसांत टाकीच्या झाकणाखालून असा वास यायला लागला की पाहणीला आलेले साहेब अंगणाच्या दारातूनच वस्तीला शुभेच्छा देऊन निघून गेले.

राहायु धावत आली. झाकण उचललं, वाकली, नाक आवळलं.

"बू, रविवारी टाकीत काय गेलं?"

"काही नाही. आम्ही साफसफाई केली."

"कशानं?"

वागियेमनं अभिमानानं सांगितलं. राहायु टाकीच्या कडेवर बसली.

"मेले, बू. सगळे मेले."

"अगं बाई. कोण मेले?"

"टाकीतले जंतू. घाण तेच खातात, पाणी तेच निवळतात, वायू तेच सोडतात. टाकी म्हणजे नुसतं पोट, पचवणारे ते. तुम्ही त्यांना फिनेल पाजलंत."

वागियेमला पुढं काही समजवावं लागलं नाही. थोरली सून नवी होती तेव्हा तिनं टेम्प्याचं घमेलं साबणानं घासून तसंच वापरलं होतं आणि पुड्यांतले दाणे उघडे, ओले, चिकट राहिले होते. महिनाभर तिनं सुनेला त्यावरून सोलून काढलं होतं.

"म्हणजे विरजण मारलं मी," ती म्हणाली.

आळी जमलीच होती. पाक गिमान घसा खाकरून म्हणाला, "चूक सगळ्यांचीच—"

"सगळ्यांची कशाला? मी सांगितलं म्हणून ओतलंत. ज्याला बोलायचं त्यानं आजच बोलून घ्या. उद्यापासून मला वेळ नाही."

सून ओढणीआड हसली, आणि वागियेमनं ते पाहूनही सोडून दिलं.

"दुसरं विरजण कुठं मिळतं?" तिनं राहायुला विचारलं.

"शेण घालता येईल, पण त्याला फार वेळ लागेल. तपासणीच्या आत व्हायचं तर चालू टाकीच्या तळचा गाळ हवा. भरपूर. जवळची टाकी वरच्या वस्तीत आहे."

आळीनं वागियेमकडे पाहिलं. वरच्या वस्तीतल्या टाकीची किल्ली कासियेमकडे असायची. ही वागियेमच्या नवऱ्याची थोरली बहीण. वागियेम तिला यू, म्हणजे ताई म्हणायची, म्हणजे बोलत होती तेव्हा. वरच्या वस्तीची टाकी सुरू झाली त्या दिवशी कासियेमनं सगळ्या नात्यागोत्याला बोलावलं होतं आणि वागियेम भर पंगतीत म्हणाली होती, "जेवायला म्हणून बोलावलं आणि संडास दाखवला." त्यानंतर कासियेमनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

"मी जातो," पाक गिमान म्हणाला.

"तुम्ही तोंड उघडून मागाल आणि ती तोंड उघडून नाही म्हणेल. मग झालं."

जावा मुलुखात थेट मागत नाहीत. मागणाऱ्याची लाज जाते आणि नाही म्हणणाऱ्याचीही. पण दुसरी एक रीत आहे: शेजाऱ्याकडून जेवण आलं तर त्याचं भांडं रिकामं परत जात नाही. वागियेम रात्रभर त्या रीतीवर चिंतन करत बसली नाही. ती उठली आणि हळदीचा भात टाकला. गूळ घालून टेम्पे शिजवलं, खोबरं लावून पालेभाजी केली, अंडी उकडली. मग सोयाबीन भिजवायची, झाकण असलेली दोन निळी पिंपं घासून काढली आणि सगळं जेवण केळीच्या पानांत बांधून पिंपांच्या तळाशी ठेवलं. ही पिंपं पुन्हा सोयाबीनच्या कामाची राहणार नाहीत हे तिला माहीत होतं. जावई वाहोनोच्या तीनचाकी गाडीत ती चढवली आणि स्वतः मधे बसली.

कासियेम ओसरीवर शेंगा सोलत होती.

"ये," तिनं मान वर न करता म्हटलं. "बऱ्याच वर्षांनी वाट सापडली."

"वाट होती, यू. गुडघे नव्हते."

गोड चहा आला. गुडघ्यांवर बोलणं झालं. मिरचीवर झालं, कुणाच्या मुलाच्या सोयरिकीवर झालं. कासियेमला घाई नव्हती. वागियेमच्या अंगणातली चूल विझल्याचं तिला केव्हाच कळलं होतं, हे तिच्या शेंगा सोलण्यावरूनच दिसत होतं. शेवटी उठून तिनं पिंपात डोकावलं.

"जेवण चार माणसांचं, आणि पिंपं चाळीस माणसांची?"

"हाताला हीच लागली."

"बरं. भांडं रिकामं तर पाठवता येत नाही. काय भरू? तांदूळ भरू?"

"तांदूळ आहे घरात."

"नारळ?"

"परवाच उतरवलेत."

"मग आम्हा गरिबांकडे दुसरं काय असणार? एक संडास आहे. तो तू पाहिलायस."

वाहोनो गाडीच्या चाकाकडे बघायला लागला. वागियेमनं चहाचा पेला खाली ठेवला.

"तेव्हा नीट पाहिला नव्हता, यू. माझे डोळे फुटले होते. आज दाखव."

कासियेमचं पोट हलायला लागलं, खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. कमरेची किल्ली काढत म्हणाली, "चल. तळातला, सगळ्यात जुना आणि सगळ्यात काळा देते. सासरचं लेणं समज आणि मिरवत ने."

तिनं मिरवतच नेलं. भर बाजारातून गाडी गेली. लोकांनी नाकं धरली, एका भाजीवालीनं शिवी हासडली, आणि वागियेम दोन पिंपांच्या मधे वरमायसारखी ताठ बसून राहिली. आळीच्या तोंडाशी माणसं उभीच होती. मेलेल्या टाकीतलं पाणी राहायुनं कार्यालयाच्या टँकरनं उपसून घेतलं होतं. पिंपं ओतताना एरवी नाकाला रुमाल लावणारी माणसं हात लावायला पुढं सरसावली.

मग पथ्य सुरू झालं. फिनेल बंद, ब्लीचिंग बंद, मोरीला नुसता खराटा आणि पाणी. बाळंतिणीला जपावं तसं आळीनं टाकीला जपलं. सकाळी संडासाला जाऊन आलेल्या माणसाला लोक विचारायचे, "दिलंस का तिला जेवायला?" बायका झाकणाला कान लावून म्हणायच्या, गुरगुरतंय. पाक गिमान रोज काडी ओढायचा आणि रोज मान हलवायचा.

ज्योत आली ती ऐन दुपारी, सून काडी धरून होती तेव्हा. ती ओरडली नाही. नुसतं "आत्या, या" म्हणाली, पण आवाज असा की अख्खी आळी आली. वागियेमनं निळ्या ज्योतीवर चहाचं आधण ठेवलं आणि पहिला पेला सुनेला दिला.

पाण्याची बाटली तपासायला गेली. निकाल घेऊन राहायु आली ती हेल्मेट न काढताच. आळीत तिचं काही ऐकू येईना, तिनं काच वर करून पुन्हा सांगितलं, "पास. खालच्या आळीचे नळ मंजूर."

कामाचा नारळ-प्रसाद काही नाही तिकडे. पिवळ्या भाताचा डोंगर रचतात आणि दुआ म्हणतात. तो डोंगर लास्त्रीच्या दारात रचला, कारण चर तिथूनच सुरू व्हायचा होता. चुन्याच्या रेघा तिच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. कासियेमही आली होती, खुर्चीवर बसून सगळ्यांना नावं ठेवत होती. दुआ झाली. वागियेमनं डोंगराचा शेंडा कापून मानाचा म्हणून कासियेमच्या पानात वाढला.

"जेवून घ्या," पाक गिमान म्हणाला. "खोदायला उद्या सकाळी घंटा होईल."

लास्त्रीनं पोर कापडानं पाठीला बांधलं होतं. तिनं भाताकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली. पहिला घाव बसला. शेजारीण पान ठेवून उठली. मग वाहोनो, मग मधल्या आळीचे, मग तोंडात घास असलेला पाक गिमान. भात निवत राहिला आणि माती उडत राहिली.

"लास्त्री, चर तिरका जातोय," वागियेम ओरडली. मग तीही सारोंग खोचून चरात उतरली.