पोस्टमनला उडवायचं की नायकाला

पानं ६१२. हवीत २००.

जाडजूड जुन्या कादंबऱ्या छाटणं हे तिचं काम, म्हणून ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. ही कादंबरी मात्र तिच्या जिवाची. दोनशे पानांत बसली नाही, तर मालक ती पुन्हा छापणारच नव्हते.

"आधी तो पोस्टमन उडवा," मालक कादंबरी नुसती चाळून म्हणाले. "अकरा वेळा येतो आणि 'पत्र नाही' म्हणून जातो. फुकट पानं खातो!"

उडवला. मग बाकीची छाटाछाट.

(इथे तिने पेन्सिल कशी चावली, त्याच्या चार ओळी होत्या. कापल्या.)

पानं १९८. मूळ कादंबरी तीनदा वाचलेल्या आत्याला तिने बाड दिलं. आत्याने वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, ह्या दोघी बहिणी ना? मग एकच बाई दोन नावांनी का फिरतेय?"

"काहीतरीच! थोरली झुरणारी, धाकटी बिनधास्त."

"हे तू सांगतेस. दिसतं कुठे? पोस्टमन आला की थोरली धावायची, धाकटी त्याच्या टोपीची टिंगल करायची. आणि शेवटी थोरली दारच उघडत नाही, धाकटी अनवाणी फाटकापर्यंत जाते. तिन्ही वेळा रडले बाई मी तिथे. काढलंस होय गं ते?"

कात्रीबाईचा चेहरा पडला. तो मेला पोस्टमन जराही बदलत नव्हता, म्हणून तर बहिणी किती बदलल्या ते कळत होतं. पोरांची उंची मोजायची भिंतच तिने पाडली होती.

पोस्टमन परत. पानं २४१.

आता एक्केचाळीस कुठून काढू? शेजारीण? नको. मामा? अजिबात नको. पेन्सिल फिरत फिरत नायकावर थांबली. मधेच उगवतो, भाषणं ठोकतो, निघून जातो. तिने भाषणं मोजली. बरोब्बर एक्केचाळीस पानं.

(इथे तिचा थोडा थरकाप होता. कापला.)

पानं २००.

"अहो मॅडम, नायक कुठाय?" मालक ओरडले.

"परगावी. त्याचंच तर पत्र येत नाही."

"आणि तो स्वतः?"

"तोही येत नाही."

मालक उभ्यानेच पानं चाळू लागले. मग बसले. चहा निवला. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक ओढत छापखान्याला फोन लावला, आणि रिसीव्हरवर हात ठेवून हळूच विचारलं,

"मूळ कादंबरीत तरी येतो का हो तो?"

"येतो. एक्केचाळीस पानं बोलतो."

"मग नकोच," मालक म्हणाले, आणि फोनवर गरजले, "हं, घ्या छापायला!"