गाठ झाकून बघताना

धाकटा भाऊ घरातसुद्धा गळ्याला मफलर गुंडाळून बसायला लागला, तेव्हाच मला शंका आली. ओढून काढला तर कानाखाली, जबड्याच्या कोनाशी, टणक गाठ. लपवली म्हणून मी त्याला फैलावर घेतलं आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले. हो, रडले.

आज स्कॅन झाला. स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघं स्टुलांवर बसलो. पडद्यावर त्याचा जबडा पांढराफटक दिसत होता आणि कोपऱ्यात ती गाठ.

"साधी आहे," बाई म्हणाल्या. "कड बघा, किती स्वच्छ. कॅन्सर असता तर कुरतडल्यासारखी दिसली असती. ही हाडाचीच वाढ आहे. नाही काढली तरी चालेल."

माझा जीव भांड्यात पडला. "तरी मी म्हणतच होते," मी म्हणाले, "याच्या डोक्यात जे मावलं नाही ते गालात साठलंय."

"ताई, तुझं रडणं फुकट गेलं बघ," धाकटा हसला. मी पर्स उचलून उठलेसुद्धा.

बाईंनी मात्र पडद्यावरची ती गाठ तळहातानं झाकली आणि उरलेला जबडा पुन्हा बघायला घेतला.

"आता झाकताय कशाला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"एक सापडलं की डोळे बाकीचं बघतच नाहीत. म्हणून झाकते." आणि त्या थांबल्या. "इथे आणखी एक आहे. हनुवटीजवळ तिसरी. आणि हा दात जास्तीचा, हाडातच अडकलाय."

"पण साध्याच ना?"

"साध्याच." त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. आवाज इतका मऊ केला की मला धडकीच भरली. "अशा बऱ्याच गाठी दिसल्या की आम्ही एक विचारतो. घरात कुणाला आतड्याचा आजार होता?"

धाकट्याला काय आठवणार? तेव्हा तो रांगत होता.

"बाबांना," मी म्हणाले. "आतड्याचा कॅन्सर. चाळिशीच्या आतच गेले."

"मग यांच्या आतड्याची तपासणी लगेच करू. वेळेत सापडलं तर उपाय आहे. पण या गाठी आणि तो कॅन्सर एकाच दोषातून येतात, आणि तो दोष आईबापाकडून मुलांत उतरतो. सगळ्यांत नाही, साधारण निम्म्यांत."

धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी गाल खाजवल्यासारखं करून जबड्याच्या हाडावरून बोट फिरवलं. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे बोट अडलं, आणि मला माझी लेक आठवली.